स्टॅम्फर्ड ब्रिज, ६ मे २००९ : रेफरीने घालवलं की आपणच?

कायमचा_निळा

दोन दिवस तापाने घरी पडून होतो. दुसरं काही सुचेना, म्हणून इतकी वर्षं जे ठरवून टाळलं ते केलं. चेल्सी-बार्सिलोना, चॅम्पियन्स लीग सेमीफायनलचा दुसरा लेग, पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत पाहिला. क्लिप्स नाही, पूर्ण मॅच. क्लिप्स आपण सगळ्यांनीच शंभरदा पाहिल्यात. बार्सिलोनाच्या पिकेचा हात, एटोचा हात आणि रेफरीच्या कानाशी ओरडत त्याच्या बरोबरीने धावणारा आपला बालाक.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात. पहिला लेग कॅम्प नोऊवर ०-०. दुसऱ्यात नवव्याच मिनिटाला आपल्या एसियनने डाव्या पायाने हाणलेली व्हॉली आडव्या खांबाच्या खालच्या कडेला लागून आत. मग पेनल्टीची एकामागून एक अपिलं, सगळी फेटाळली. ६६ व्या मिनिटाला बार्सिलोनाच्या अबिदालला लाल कार्ड. ९३ व्या मिनिटाला इनिएस्टाचा गोल. १-१, अवे गोलवर बार्सिलोना रोमला फायनलला आणि आपण घरी.

आजवर माझा एकच पाढा होता : रेफरी ओव्हरेबोने लुटलं. मॅच परत पाहिल्यावर तो पाढा मधेच अडला. लुटलं हे खरंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण लाल कार्डापासून इनिएस्टाच्या गोलपर्यंत २७ मिनिटं आपण अकरा होतो आणि ते दहा. त्या २७ मिनिटांत चेंडू आपल्याकडे ठेवायचा धड प्रयत्नही झाला नाही. आला की लांब मारा, परत आला की परत मारा. त्यात ७२ व्या मिनिटाला ड्रोग्बा बाहेर आणि बेलेत्ती आत. स्ट्रायकर काढून राइट बॅक, तोही दहा जणांविरुद्ध! मी तापात होतो तरी उठून बसलो.

शिव्या घालायच्या तर घाला, पण मॅच पाहून घाला.

तिकीताका_तात्या

आज सूर्य पश्चिमेला उगवला म्हणायचा. चेल्सीवाला स्वतःहून कबुलीजबाब देतोय. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

आता सुरुवात केलीच आहे तर पुढचंही लिहा. अबिदालचं ते लाल कार्ड कशाबद्दल होतं? अनेल्का स्वतःच्याच पायात पाय अडकून पडला. अबिदालचा स्पर्श झालाच असेल तर नावापुरता. त्यापायी आमचा माणूस रोमच्या फायनलला मुकला. रेफरीच्या चुकांची यादी करायची तर ती चूकही यादीत घ्या.

निळं_वादळ

तात्या, एक कार्ड विरुद्ध चार पेनल्टी. हिशोब तुम्हीच करा.

आणि धागाकर्ते, तुमच्या तापाबद्दल सहानुभूती आहे, पण हे काय लिहून बसलात? त्या मॅचमध्ये बार्सिलोनाचा गोलच्या दिशेने गेलेला एकच फटका होता, तोच इनिएस्टाचा. नव्वद मिनिटं आपल्या गोलकीपरला, चेकला, हात घाण करावे लागले नाहीत. ज्या टीमने चारच दिवस आधी, २ मे रोजी, रेआल माद्रिदला त्यांच्याच मैदानात ६-२ ने धुतलं होतं, तिला आपल्या कोचने, हिडिंकने, एका फटक्यावर आणून ठेवलं. याला वाईट डावपेच म्हणायचे असतील तर चांगले कशाला म्हणतात ते तरी सांगा.

चारांपैकी दोन पेनल्टी दिल्या असत्या तर अर्ध्या तासात निकाल लागला असता आणि आज हा धागाही निघाला नसता.

शिट्टीबहाद्दर

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. विषयच तसा निघाला.

मी बारा-तेरा वर्षं शाळा-कॉलेजच्या आणि छोट्या क्लबांच्या मॅचना शिट्टी वाजवली आहे. ओव्हरेबोशी माझी तुलना नाही, पण मैदानाच्या मधोमध उभं राहून दोन्हीकडच्या शिव्या खाण्याचा अनुभव आहे. म्हणून एकेक घटना सावकाश घेतो.

माल्युदा आणि आल्वेस. आल्वेसची धरपकड बॉक्सच्या बाहेर सुरू झाली आणि आत चालू राहिली. रेफरीने फ्री किक दिली, रेषेच्या बाहेर. इथे नियम स्वच्छ आहे. बाहेर धरायला सुरुवात केली आणि आत जाईपर्यंत सोडलं नाही, तर पेनल्टी. पण मागून धावणाऱ्या रेफरीला ती रेषा नीट दिसत नाही. तिथे लाईन्समनने तोंड उघडायला हवं होतं.

ड्रोग्बा आणि अबिदाल, पहिला हाफ. ड्रोग्बा गोलकडे निघालाय आणि अबिदाल त्याला मागून ओढतोय. माझ्या मते पेनल्टी, शिवाय लाल कार्ड. चारांत मला सगळ्यात जास्त खटकलेला निर्णय हाच. ड्रोग्बा सहज पडतो अशी त्याची ख्याती होती आणि ती ख्याती त्याला इथे भोवली असावी असं मला वाटतं. लांडगा आला रे आला.

पिके. अनेल्काने चेंडू त्याच्या बाजूने काढला आणि तो पिकेच्या हाताला लागला. हात अंगापासून लांब. २००९ चा नियम हेतू विचारायचा : मुद्दाम हाताळला का? हात चेंडूकडे गेला की चेंडू हाताकडे आला? अंतर किती होतं? हे सगळं विचारूनही मी पेनल्टीच दिली असती.

एटो. ही शेवटच्या क्षणांतली, गोल झाल्यानंतरची, बालाकच्या फटक्यावरची. एटो वळून उडी मारतोय, अंतर कमी, हात वर. आजच्या नियमाने बहुधा पेनल्टी, कारण २०१९ पासून अंगाचा आकार अनैसर्गिकरीत्या वाढवला का हा प्रश्न आला. २००९ च्या पुस्तकाने सोडून दिली असती तरी मी त्या रेफरीला फाशी दिली नसती.

म्हणजे माझ्या हिशोबाने दोन पक्क्या, तिसरी बॉक्सच्या रेषेवरची पण माझ्या मते पेनल्टीच, आणि चौथी वादाची. अबिदालचं ६६ व्या मिनिटाचं लाल कार्डही माझ्या मते चुकीचंच.

निळं_वादळ

धन्यवाद शिट्टीकाका. तात्या, ऐकलंत?

तिकीताका_तात्या

शेवटचं वाक्यही ऐकलं.

तोफखाना

आर्सेनलचा माणूस दुसऱ्यांच्या भांडणात यायला नको, पण बेलेत्तीचं नाव निघालं आणि जुनी जखम ठसठसली. २००६ ची फायनल, पॅरिस. १८ व्या मिनिटाला आमचा लेहमान लाल कार्ड घेऊन बाहेर. तरी कॅम्पबेलच्या गोलने आम्ही पुढे. मग एटो, आणि ८१ व्या मिनिटाला कोण? बेलेत्ती. तेव्हा तो बार्सिलोनाचा होता. तीन वर्षांनी तोच माणूस तुम्ही बार्सिलोनाविरुद्ध आघाडी राखायला आत पाठवलात. वर समोरून शेवटच्या क्षणांत आत आला तो तुमचा जुना गुडयॉनसन. घरचे भेदी दोन्हीकडे.

आणि त्या फायनलचा रेफरी होता तेरिये हाउगे, नॉर्वेचा. त्याच वर्षी चेल्सीच्या देल ऑर्नोला मेस्सीवरच्या टॅकलसाठी लाल कार्ड दाखवणाराही तोच. ओव्हरेबो पण नॉर्वेचा. मी काही म्हणत नाही, फक्त नकाशा दाखवतोय.

(ह. घ्या.)

शिट्टीबहाद्दर

तोफखाना, तुम्ही हसत लिहिलंय हे कळलं. पण याच चेष्टेतून पुढे "विकला गेला" हे वाक्य येतं, म्हणून आधीच सांगतो. चूक आणि बेइमानी यांत फार अंतर आहे. ओव्हरेबोला त्या रात्रीनंतर जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. त्याआधी २००५ मध्ये अंदेर्स फ्रिस्क हा स्वीडिश रेफरी चेल्सी-बार्सिलोनाच मॅचनंतर आलेल्या धमक्यांमुळे थेट निवृत्त झाला. ओव्हरेबो पेशाने मानसशास्त्रज्ञ आणि त्या दिवशी आपल्या चुका झाल्या हे त्याने पुढे स्वतः मान्य केलं. इतकं पुरे नाही का?

आकडेमोड

शिट्टीबहाद्दरांना अनुमोदन. मात्र ओव्हरेबोच्या मागे एक वर्षापूर्वीचं प्रकरणही होतं, ते कोणी लिहिलं नाही. युरो २००८, इटली-रुमानिया. लुका टोनीचा हेडरने केलेला गोल ऑफसाइड म्हणून नाकारला गेला, तो चांगला गोल होता. ती मॅचही १-१ च.

आता माझ्या आवडीचा खेळ : व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून निर्णय तपासणारा रेफरी, असता तर? व्हीएआर खेळाच्या नियमांत आला २०१८ मध्ये आणि चॅम्पियन्स लीगमध्ये फेब्रुवारी २०१९ पासून. पहिल्याच आठवड्यात आयॅक्सचा रेआलविरुद्धचा गोल त्याने खाल्ला, हे जाता जाता. समजा २००९ मध्ये तो होता. सगळे धरतात की चेल्सीला तीन-चार पेनल्टी मिळाल्या असत्या. पण थेट लाल कार्डही व्हीएआर तपासतो. म्हणजे अबिदालचं कार्ड रद्द, आणि तुमची ती २७ मिनिटं अकरा विरुद्ध अकरा.

निळं_वादळ

चुकलात! व्हीएआर असता तर अबिदाल पहिल्या हाफमध्येच ड्रोग्बाला ओढल्याबद्दल बाहेर गेला असता. ६६ व्या मिनिटाला अनेल्काच्या मागे धावायला तो मैदानात असता कुठे?

आकडेमोड

हे मान्य. पूर्ण मान्य. मी लाजून कोपऱ्यात बसतो.

तिकीताका_तात्या

मग तिथे दुसरा कोणीतरी असता आणि अनेल्का त्याच्यासमोरही आपल्याच पायात अडकून पडला असता. अनेल्कावर माझा विश्वास आहे.

नवखा१०

एक बाळबोध प्रश्न. मी फुटबॉल पाहायला लागलो तेव्हा अवे गोल नव्हता. पहिला लेग ०-०, दुसरा १-१, म्हणजे बरोबरीच ना? मग एक्स्ट्रा टाइम का नाही?

रानवारा

नवखा१०, तेव्हा नियम असा होता की दोन्ही लेग मिळून बरोबरी झाली तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे. १९६५ मध्ये कप विनर्स कपमध्ये सुरू झाला. परक्या मैदानावर गेलेल्या टीमने नुसतं कवाडं लावून बसू नये, हा हेतू. युएफाने तो २०२१ च्या जूनमध्ये काढून टाकला. आज तीच मॅच झाली असती तर १-१ नंतर अर्धा तास जादा मिळाला असता, तोही अकरा विरुद्ध दहा. चेल्सीवाल्यांनी यावर रडायला हरकत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते, कारण सगळी चर्चा शिट्टीवर चाललीय आणि धागाकर्त्यांचा प्रश्न बाजूलाच राहिलाय.

पहिल्या लेगला ०-० आणि घरी १-० ही आघाडी दिसते तितकी पक्की नसते. समोरच्याचा एक गोल बरोबरी करत नाही, थेट तुम्हाला बाहेर काढतो. मधली पायरीच नाही. आणि हे हिडिंकला कळत नव्हतं असं कोणी म्हणू नका. १९८८ मध्ये त्याने पीएसव्हीला युरोपियन कप जिंकून दिला तो आठवा. क्वार्टर फायनलला बोर्दोशी तिकडे १-१, घरी ०-०. सेमीफायनलला रेआल माद्रिदशी तिकडे १-१, घरी ०-०. दोन्ही वेळा अवे गोलवर पुढे. फायनल बेन्फिकाशी ०-०, पेनल्टीवर जिंकली. शेवटच्या पाचही मॅच अनिर्णित ठेवून कप घरी नेणारा माणूस हा. समोरच्याला याच दोरीवर टांगून त्याने कप जिंकला होता आणि २१ वर्षांनी त्याच दोरीवर स्वतः चढला.

त्याने १-० ला कुलूप लावायचं ठरवलं हे मला त्याच्या स्वभावाला धरूनच वाटतं. माझी तक्रार कुलपाबद्दल नाही. कुलूप कुठे लावलं याबद्दल आहे.

बार्सिलोनाची त्या दिवशीची टीम पाहा. पुयोल सस्पेंड, मार्केस जखमी, म्हणून याया टूरे, एरवीचा मिडफिल्डर, पिकेच्या शेजारी सेंटर बॅक. ऑन्री जखमी, म्हणून इनिएस्टा पुढे सरकला आणि मिडफिल्डमध्ये केइता आला. झावी आणि इनिएस्टा यांच्यातली जी रोजची गुंफण, तीच उसवलेली. म्हणून नव्वद मिनिटं त्यांचा चेंडू आडवाच फिरत राहिला. यात हिडिंकची करामत आहेच, शंका नाही. एसियन, बालाक, लॅम्पार्ड आणि मागे टेरी-अॅलेक्स यांनी मधली गल्ली बुजवून टाकली होती.

पण टूरे आणि पिके ही जोडी बिचकत होती ती फक्त ड्रोग्बाला. तो नुसता उभा असला तरी दोघांपैकी एकाला त्याच्या अंगाला चिकटून राहावं लागायचं आणि दुसऱ्याला त्याच्या मागे आधाराला. म्हणजे ड्रोग्बा एकटा दोघांना त्यांच्याच हाफमध्ये खिळवून ठेवत होता. तो बाहेर गेला आणि ते दोघे सुटले. लाल कार्डाने बार्सिलोनाचा एक माणूस कमी झाला होता, आपल्या बदलाने त्यांना तो परत मिळाला.

कायमचा_निळा

ताई, मला जे दोन दिवस सांगता येत नव्हतं ते तुम्ही दोन ओळींत सांगितलंत.

निळं_वादळ

छान लिहिलंय, पण पटलं नाही. तीन कारणं.

ड्रोग्बा ७२ मिनिटं दोन सेंटर बॅकना अंगावर घेऊन खेळला होता. त्याचा एक फटका त्यांच्या गोलकीपरने, वाल्देसने, पायाने अडवला, तो आत गेला असता तर मॅच तिथेच संपली होती. दमलेल्या माणसाला केवळ दिसायला म्हणून उभं ठेवायचं? दुसरं म्हणजे पुढे अनेल्का होताच. पिकेच्या हाताला चेंडू लागला तो अनेल्काने त्याला एकटं गाठल्यावर, म्हणजे ड्रोग्बा गेल्यानंतरही आपण त्यांच्या बॉक्समध्ये पोचत होतो. ती पेनल्टी मिळाली असती तर २-० आणि हिडिंकचा बदल हुशारीचा ठरला असता. तिसरं कारण तात्यांना आवडणार नाही : २०१० चं इंटर.

तिकीताका_तात्या

ते नाव घेतल्याबद्दल तुमचा निषेध.

निळं_वादळ

कॅम्प नोऊ, २८ एप्रिल २०१०. २८ व्या मिनिटाला थियागो मोट्टा बाहेर आणि बुस्केट्स गालावर हात धरून, बोटांच्या फटीतून रेफरी काय करतो ते बघतोय. तासाभराहून जास्त वेळ इंटर दहा जणांनी खेळली आणि एकच गोल खाल्ला. एकूण ३-२ ने फायनलला. २०१२ मध्ये आपणही तेच केलं. टेरी ३७ व्या मिनिटाला बाहेर, कॅम्प नोऊवर २-२, तिथे तर ड्रोग्बा लेफ्ट बॅक असल्यासारखा खेळत होता. तेव्हा मागे बसलो तर शौर्य आणि २००९ मध्ये मागे बसलो तर भित्रेपणा?

रानवारा

तुमचीच उदाहरणं तुमच्याविरुद्ध जातायत, दादा. इंटर दहा होते. २०१२ चे चेल्सी दहा होते. त्यांच्याकडे मागे बसण्यावाचून पर्याय नव्हता. २००९ मध्ये दहा जण समोर होते. ज्याच्याकडे माणूस जास्त आहे त्यानेच गुडघे टेकल्यासारखं बसायचं?

आणि २०१२ मध्ये मागे बसूनही रामिरेसने हाफटाइमच्या तोंडावर वाल्देसच्या डोक्यावरून चेंडू टाकला आणि शेवटी टोरेस एकटा पळाला. पुढे पळणारा कोणीतरी ठेवला होता म्हणून.

ड्रोग्बा दमला असेल, मान्य. पाय दुखत असेल, तेही मान्य. मग त्याच्या जागी पळणारा माणूस आणायचा. बदल कोणाला काढलं म्हणून खुपत नाही, कोणाला आणलं म्हणून खुपतो.

शिट्टीबहाद्दर

मी डावपेचांतला माणूस नाही, तरी रेफरीच्या बाजूने एक भर घालतो. मागे बसलेल्या टीमला शिट्टीचा जास्त फटका बसतो, कारण ती अख्ख्या मॅचमध्ये चार-पाचदाच समोरच्या बॉक्समध्ये जाते. त्या चार-पाच वेळांतले दोन निर्णय चुकले की सगळंच गेलं. वीस वेळा जाणाऱ्याला दोन चुका पचतात.

एक माझ्या आठवणीतलं. एका आंतरशालेय सेमीफायनलला मी एक हँडबॉल सोडला. नवशिका रेफरी शिट्टी तोंडात धरून पळतो, म्हणून घाईत वाजते. जुना होत गेलो तशी मी ती हातात धरायला लागलो, कारण हात तोंडापर्यंत येईस्तोवर एक सेकंद विचाराला मिळतो. त्या दिवशी हात अर्ध्यावर आला आणि थांबला. बचाव करणाऱ्या पोराचा कोपर मला दिसला होता, पण चेंडू नक्की लागला का, याची खात्री नव्हती. पुढची वीस मिनिटं माझ्या डोक्यात तो कोपरच होता. मग त्याच पोराने दुसऱ्याला जरासा धक्का दिला आणि मी झटक्यात कार्ड काढलं, खिशात कार्ड किती खोल असतं तेही कळलं नाही. मॅच संपल्यावर तो पोरगा रडत नव्हता, नुसता माझ्याकडे बघत होता. धक्का जरासाच होता हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

ओव्हरेबोच्या मनात अबिदालला कार्ड दाखवताना काय होतं ते मला माहीत नाही आणि मी तसा दावाही करणार नाही. पण ते कार्ड ज्या तडकाफडकी निघालं, ते पाहताना मला माझा हात आठवतो.

तोफखाना

काका, हे वाचून माझी नॉर्वेची चेष्टा मागे घेतो. (लेहमानची नाही.)

तिकीताका_तात्या

वातावरण फार गंभीर झालंय, म्हणून मी माझं काम करतो.

चेल्सीच्या अन्यायाची गोष्ट नेहमी २००९ पासूनच का सुरू होते? ८ मार्च २००५, हेच मैदान. ७६ व्या मिनिटाला टेरीच्या हेडरने ४-२, एकूण ५-४. चेंडू येत असताना कार्वाल्यो आमच्या वाल्देसला मिठी मारून उभा. रेफरी कोल्लिना, म्हणजे ज्याच्यासमोर सगळ्यांनी मान खाली घालायची असा माणूस. त्यालाही दिसलं नाही. २००९ ला मॅच संपल्यावर ड्रोग्बा ओरडला तसा आमच्यातला कोणी कॅमेऱ्यासमोर जाऊन ओरडला होता का?

आणि हिडिंकच्या तोंडी रेफरीबद्दल तक्रार म्हणजे कमालच. २००२ चा वर्ल्ड कप, कोरिया विरुद्ध स्पेन. आमचे दोन गोल रद्द, मग पेनल्टीवर बाहेर. कोरियाचा कोच कोण होता बरं?

निळं_वादळ

कोरियाच्या मॅचला हिडिंकने शिट्टी वाजवली नव्हती, तात्या.

तिकीताका_तात्या

आणि ब्रिजवर आमच्या कोचने, गार्डिओलाने, वाजवली नव्हती. हेच तर म्हणतोय.

आकडेमोड

कोपऱ्यातून परत आलो. ड्रोग्बाच्या ओरडण्याबद्दल : त्याने लगेच माफी मागितली होती, तरी बंदी आलीच. बोसिंग्वालाही, तो रेफरीला चोर म्हणाला म्हणून. या दोघांचं पुढे काय झालं हे ठाऊक आहेच. २०१२ ला म्युनिकच्या फायनलमध्ये दोघेही मैदानात होते आणि शेवटची पेनल्टी ड्रोग्बाचीच.

नवखा१०

तुमच्या या सगळ्या भांडणामुळे मी आज पूर्ण मॅच पाहिली. मला कोणाची बाजू नाही. दोन गोष्टी लिहितो, चुकत असेन तर सांगा.

क्लिपमध्ये इनिएस्टाचा गोल म्हणजे नुसता तो फटका दिसतो. मागे जाऊन पाहिलं तर उजवीकडून आल्वेसचा क्रॉस येतो, एटोला चेंडू नीट घेता येत नाही आणि तो एसियनकडे जातो. एसियन मारायला पाय उचलतो आणि चेंडू त्याच्या पायाला नीट लागतच नाही. तिथून मेस्सीकडे, मेस्सीकडून बॉक्सच्या तोंडाशी उभ्या इनिएस्टाकडे. चेल्सीचे इतके जण बॉक्समध्ये आहेत, पण त्या कमानीपाशी एकही नाही. सगळे चेंडूच्या मागे गोलकडे गेलेत. दुसरं, नवव्या मिनिटाचा तो अफाट गोल मारणारा आणि ९३ व्या मिनिटाला चुकणारा माणूस एकच आहे. हे कोणी लिहिलं नव्हतं.

रानवारा

चुकत नाहीस. कमानीपाशी कोणी नव्हतं हेच मी इतका वेळ घोळून सांगत होते. मागे माणसं वाढवली की सगळे गोलच्या तोंडाशी गोळा होतात आणि बॉक्सच्या काठावरची जागा मोकळी पडते. तिथे पोचलेल्याला फटका मारायला सवड मिळते. इनिएस्टा फार गोल करणारा खेळाडू नव्हता, पण इतकी सवड मिळाल्यावर तो चुकणारही नव्हता.

निळं_वादळ

एसियनला काही बोलू नका. त्या माणसाने त्या मॅचमध्ये तिघांचं काम केलं. त्याचा पाय दमला होता म्हणून घसरला आणि तो दमला कारण त्याच्या पुढे चेंडू धरून ठेवणारा कोणी

.
.
बरं. लिहिता लिहिता मला कळलं मी काय लिहितोय ते. ठीक आहे, ड्रोग्बाच्या जागी बेलेत्ती नको होता. एवढंच मान्य. पेनल्टी तीनच्या खाली मी येणार नाही.

शिट्टीबहाद्दर

तीनवर माझी सही. चौथी सोडा.

कायमचा_निळा

चौथीवर आपण नंतर वेगळं भांडू, काका. ताप उतरलाय, उद्यापासून कामावर. आज रात्री २०१२ चा कॅम्प नोऊवाला लेग लावतोय, मेस्सीची पेनल्टी आडव्या खांबाला लागते तो. तात्या, येताय का सोबतीला?

तिकीताका_तात्या

मला ताप आलाय.